फरशी बदलण्याआधी घरातील सामानाची व्यवस्था

महाराष्ट्रातील शहरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या पुष्कळ घरांच्या जमिनी सध्या नव्याने केल्या जात आहेत. शहाबादी किंवा कोटा दगडाच्या लाद्या आणि मोझाइकच्या टाइल्स उखडून त्यांच्या जागी व्हिट्रिफाइड टाइल्स, म्हणजे अतिशय उच्च तापमानाला भाजल्यामुळे काचेसारखा घट्टपणा आलेल्या आणि आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी न शोषणाऱ्या टाइल्स, बसवल्या जातात. अशा वेळी टाइलचा रंग, आकार आणि दर यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. सामान कोठे न्यायचे आणि कोणत्या क्रमाने न्यायचे, हा प्रश्न मात्र गवंडी दाराशी येईपर्यंत कोणी मनावर घेत नाही. वस्तुतः सामान हलवणे हा फरशीच्या कामाचाच पहिला टप्पा आहे, कारण नव्या जमिनीची सपाटी, इमारतीवर येणारा भार आणि काम करणाऱ्यांचे आरोग्य या तिन्ही गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या असतात.

मातीच्या घरांत जमीन चोपून सारवण्याचे काम दर वर्षी होत असे आणि त्यासाठी सामान हलवणे फारसे जड जात नसे, कारण ट्रंका, पिंपे, उतरंडी आणि वळकट्या एवढ्यावर पुष्कळ घरांचा संसार आटोपत असे. आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत लोखंडी कपाट, पलंग, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, पुस्तके आणि माळ्यावर चढवलेले खोके असतात आणि त्यांना बाहेर ठेवायला ना ओसरी असते ना अंगण. म्हणून जे काम पूर्वी सवयीने होत असे, त्याची आता आखणी करावी लागते.

पहिला मुद्दा सपाटीचा आहे. गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, म्हणजे लेव्हल पाइपने, एका खोलीतील उंचीची खूण दुसऱ्या खोलीत नेतो आणि त्या खुणांवरून दोरी ताणून बेडिंगची, म्हणजे फरशीखालच्या वाळू-सिमेंटच्या थराची, जाडी ठरवतो. कोपऱ्यात भरलेले कपाट तसेच ठेवून त्याच्या भोवतीने काम करायला सांगितले, तर दोरी सरळ ताणता येत नाही, टाइल्सच्या ओळी तुटतात आणि कपाटाखालचा तुकडा नंतर जोडताना तेथे उंचवटा राहतो. खोली पूर्ण रिकामी करणे ही म्हणूनच चांगल्या कामाची पहिली अट ठरते.

दुसरा मुद्दा वजनाचा असून त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. राहत्या घरांच्या स्लॅबची रचना करताना माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार भारतीय मानकानुसार धरला जातो. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीतील जुनी लादी आणि तिच्याखालचा थर मिळून साडेसात सेंटिमीटर जाडी धरली, तर त्या एका खोलीतून सव्वा टनाहून अधिक राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, निघते. हे राबिट गोण्यांत भरून शेजारच्या खोलीत एकाच जागी रचले, त्याच खोलीत दोन खोल्यांचे सामानही कोंबले आणि नव्या टाइल्सची खोकी व सिमेंटची पोतीही तेथेच उतरवली, तर स्लॅबच्या मधल्या भागावर नको तेवढा भार पडतो. यासाठी जड वस्तू आणि पुस्तकांचे खोके भिंतींच्या कडेने पसरून ठेवावेत, जुन्या इमारतीच्या बाल्कनीत ढीग करू नये आणि राबिट रोजच्या रोज खाली उतरवावे. ते रस्त्याकडेला न टाकता ठरलेल्या जागी पोहोचवण्याची जबाबदारी ते निर्माण करणाऱ्यावर असते, हे तत्त्व केंद्र सरकारच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयीच्या नियमांत नमूद झाले होते.

तिसरा मुद्दा धुळीचा. दगड, सिमेंट आणि टाइल यांवर कटर चालतो तेव्हा सिलिकाचे, म्हणजे वाळूतील मुख्य खनिजाचे, अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. ते तासन् तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जातात. वर्षानुवर्षे ही धूळ घेणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. सामानावर जुनी चादर टाकून ही धूळ अडत नाही. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा लागतो. कटिंगसाठी बाल्कनी किंवा इमारतीखालची मोकळी जागा आधीच रिकामी ठेवली आणि तेथे पाण्याची सोय केली, तर पाणी सोडत ओले कटिंग करता येते. अशी जागा राखणे हा घरमालकाच्या सोयीचा प्रश्न जेवढा आहे, तेवढाच मजुराच्या आयुष्याचाही आहे.

क्रमाचा साधा नियम असा की मुख्य दारापासून सर्वांत दूरच्या खोलीपासून आरंभ करावा आणि दाराशी शेवट करावा, म्हणजे नव्या टाइल्सवरून गोण्यांची ये-जा होत नाही. काम चालू असताना लागणारे कपडे, औषधे, कागदपत्रे आणि मोजकी भांडी एका वेगळ्या खोक्यात हाताशी ठेवावीत. गॅसची वाहिनी असल्यास तिची जोडणी गॅस कंपनीच्या माणसाकडूनच सोडवावी, फ्रिज उभाच हलवावा आणि लोखंडी कपाट रिकामे केल्यावरच सरकवावे. देव्हारा पुष्कळ घरांत सर्वांत शेवटी उचलतात आणि तोवर देवांची चौरंगावर सोय करतात. ही जागा आधी ठरलेली असली की ऐनवेळी घरातील वडीलधाऱ्यांचे मन दुखावत नाही.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालून एका वहीत त्यातील वस्तू आणि ती परत जाण्याची जागा लिहावी. हे लिहितानाच घरातील संग्रहाची खरी छाननी होते: रोज लागणारे, ठेवणीतले, दुसऱ्याला देण्याजोगे आणि रद्दी-भंगारात जाणारे असे चार भाग पडतात. ही निवड सामान हलवण्याआधी केली, तर नको असलेली वस्तू दोनदा उचलण्याचे श्रम वाचतात. नंतर करू म्हटले, तर ती वस्तू पुन्हा माळ्यावर जाते. या निवडीत घरातील प्रत्येकाचा शब्द घेतला पाहिजे, कारण एकाला अडगळ वाटणारा पितळी डबा दुसऱ्याच्या दृष्टीने माहेरची किंवा आजीची खूण असू शकतो.

सामान परत लावण्याची घाई हा या कामातील शेवटचा धोका होय. साध्या सिमेंटला बळ येण्यासाठी किमान सात दिवस ओलावा लागतो आणि त्याची पुरी ताकद अजमावण्यासाठी २८ दिवसांचा काळ धरतात. म्हणून वाळू-सिमेंटवर बसवलेल्या टाइल्सवर पहिला दिवस कोणी चालू नये, आठवडाभर भरलेले कपाट ठेवू नये आणि नंतरही जड वस्तू गोणपाटावरून सरकवावी. गवंड्याशी दर ठरवतानाच हे दिवस वेळापत्रकात मोजले आणि तेवढ्या मुदतीसाठी सामानाची जागा निश्चित केली, तर पुढे कित्येक वर्षे टिकणारी जमीन आठ दिवसांच्या उतावीळपणाने खिळखिळी होत नाही.