उरलेली गोळी
(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



माझे बालपण अलिबागेत, इस्रायल आळीच्या शेजारी गेले. शनिवारी त्या घरांतील चुली पेटत नसत, आणि आम्ही मुलांनी तेथे दंगा करायचा नसतो, एवढे आईने आम्हांला शिकविले होते. त्या शेजाराच्या ऋणापोटीच आजचे निमंत्रण मी स्वीकारले.

मी व्यवसायाने फार्मासिस्ट. १९९६ ते २०१७ अशी एकवीस वर्षे मी कुवेतमध्ये एका औषधालयात नोकरी केली. आजचा विषय आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा गैरवापर आणि त्यांतून जडणारे व्यसन. व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते किंवा गल्लीच्या टोकाला उभा असलेला कोणी अनोळखी विक्रेता येतो. मी ज्या व्यसनाविषयी बोलणार आहे, त्याची सुरुवात आपल्या घरातील औषधांच्या डब्यातून होते, आणि बहुधा प्रेमापोटी होते. मला हे पुस्तकातून कळलेले नाही. एका माणसाच्या हातावर पहिली गोळी मीच ठेवली होती.

साल २००९. अब्बासियात आम्ही सहाजण एका बिऱ्हाडात राहत होतो. आमच्यात रोहा तालुक्यातील एक तरुण होता. तो रात्री पाण्याचा टँकर चालवी. दिवसा झोपायचे, तर बाहेर कुवेतचा उन्हाळा, खोलीत पाचजणांची ये-जा, आणि गावी कर्जाचा डोंगर. त्याला झोप येईना. माझे वडील वारल्यानंतर डॉक्टरांनी मला थोड्या दिवसांकरिता अल्प्राझोलाम दिले होते. त्यांतल्या चार गोळ्या उरल्या होत्या. मी त्या त्याला दिल्या. त्या वेळी मनात एवढेच होते की पोरगा रात्रीचे अवजड वाहन चालवतो, चार दिवस तरी नीट झोपेल. औषधांचे शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातून हे घडले, हे आपण ध्यानी घ्यावे.

ही गोळी मेंदूची धावपळ शांत करते. परंतु काही आठवड्यांत मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. मग एकीने भागत नाही, दोन लागतात. त्यानंतर ती झोपेसाठी घेतली जात नाही, न घेतल्यास होणारा त्रास टाळण्यासाठी घेतली जाते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांचे आणि प्रीगाबालिनसारख्या मज्जातंतूंच्या औषधांचेही थोडेफार असेच आहे. औषधे वाईट नाहीत. कर्करोगाच्या किंवा अपस्माराच्या रुग्णाला ती वरदान ठरतात. मात्र कोणाला, किती आणि किती दिवस, हे ज्याने रुग्णाला तपासले आहे त्यानेच ठरवावयाचे असते.

सहा महिन्यांनी मी रजेवर गावी निघालो, तेव्हा त्याने हळूच सांगितले, "दादा, येताना तेवढ्या गोळ्या आणा. इथे एकाकडून घेतो, पण फार महाग पडतात." मला धक्का बसला, तरीही मी होकार दिला. अलिबागेत बॅग भरताना पत्नीने विचारले, "हे औषध कोणाचे? चिठ्ठी कोणाच्या नावाची?" मला उत्तर देता आले नाही. ती पाकिटे मी घरीच ठेवली, आणि आज मी आपल्यासमोर उभा आहे तो त्या एका प्रश्नामुळे. कुवेतमध्ये मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी १९८७ पासून स्वतंत्र कायदा होता. आपल्याकडे ओळखीच्या दुकानात सहज मिळणारी गोळी तेथे विमानतळावर तुरुंगाचे कारण ठरू शकते. २०२५ च्या अखेरीस त्या देशाने अमली पदार्थांविषयी नवा, अधिक कठोर कायदा केला. शेजाऱ्याने विश्वासाने दिलेले पुडके न उघडता नेणाऱ्याला "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करणे किती कठीण जाते, याची कल्पना करून पाहावी.

मी रिकाम्या हाताने परतलो. इकडे त्याच्या जवळच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि त्या एकाएकी बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याला थरथर सुटली, घाम फुटला, आणि पहाटे आकडी आली. सुदैवाने तेव्हा तो टँकरवर नव्हता, खोलीत होता. इस्पितळातील डॉक्टरांनी समजाविले की ही औषधे अशी एकदम तोडू नयेत, त्यात जिवाला धोका असतो. देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. मग त्यांनी त्याला विचारले, "पहिली गोळी कोणी दिली?" मी खाटेशेजारीच उभा होतो. तो म्हणाला, "आठवत नाही."

बंधुभगिनींनो, ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे तेथील सुट्टीच्या दिवशी, आम्ही काही मराठी मंडळी साल्मियातील एका घरी बसलो. फलक नाही, अध्यक्ष नाही. तीन गोष्टी ठरविल्या. स्वतःचे औषध कोणी दुसऱ्याला द्यायचे नाही. गावाहून येणाऱ्याने परक्याचे पुडके आणायचे नाही, आणि स्वतःचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनातच आणायचे. ज्याला सवय लागली असेल त्याला हाकलायचे नाही, डॉक्टरांकडे सोबत जायचे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. नोकरी जाईल, मायदेशी पाठवतील, ही भीती खरीच होती. म्हणून प्रथम कायदा जाणणाऱ्या माणसाचा सल्ला घेतला. कुवेतच्या १९८३ च्या कायद्यातही, जो स्वतःहून उपचारासाठी पुढे येईल त्याच्यावर खटला न भरण्याची तरतूद होती, हे तेव्हा कळले. कुवेती समाजातही 'बशाएर अल-खैर' नावाची संस्था १९९० च्या दशकापासून व्यसनी माणसांना पुन्हा उभे करण्याचे काम करीत आली आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ परदेशी मजुरांचा नव्हता.

तो आपल्या दारातही आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा वैद्यकीय कारणाविना वापर करणारे भारतीय सुमारे १ कोटी १८ लाख असल्याचे नमूद आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल अशी औषधे 'एच-१' या अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. परंतु कायद्याची नजर दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचते. आपल्या कपाटातील डब्यापर्यंत आपणच पोहोचले पाहिजे.

म्हणून माझ्या विनंत्या साध्या आहेत. येत्या रविवारी घरातील औषधांचा डबा सर्वांदेखत उघडा. उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे, हे फार्मासिस्टला विचारून त्या घरातून काढून टाका. आजीच्या झोपेच्या गोळ्या मोजून कुलपात ठेवा. परीक्षेच्या काळात मुलाची झोप उडाली, तर त्याला गोळी देऊ नका, डॉक्टर दाखवा. मुलगा-मुलगी परदेशी निघाली असतील, तर बॅगेतील प्रत्येक पुडक्याविषयी माझ्या पत्नीचाच प्रश्न विचारा, "हे कोणाचे?" आणि सवय लागलीच असेल, तर लपवू नका, एकाएकी बंदही करू नका. १४४४६ हा शासनाचा विनाशुल्क मदत-दूरध्वनी आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभे केलेले 'मुक्तांगण' आहे. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही धीर दिला जातो.

मघाशी आपल्या हझानसाहेबांनी मला 'बिकुर होलिम' हा शब्द सांगितला. आजाऱ्याच्या भेटीला जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानतात. माझे मागणे इतकेच की या आजाऱ्यालाही त्यातून वगळू नये. हृदयविकाराच्या रुग्णाकडे आपण फळे घेऊन जातो. गोळ्यांच्या सवयीत सापडलेल्याच्या दारापुढून मात्र मान खाली घालून निघून जातो.

तो तरुण आठ महिन्यांत त्या गोळ्यांतून सुटला. आज रोह्यात रिक्षा चालवतो. गेल्या वर्षी गणपतीत मी त्याच्या घरी गेलो, आणि इतक्या वर्षांनी त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही गोळ्या दिल्यात त्याचे मला काही वाटत नाही. नंतर सहा महिने एकाच खोलीत राहून, झोप येते का रे, असे एकदाही विचारले नाहीत, त्याचे वाटते."

माझे भाषण येथे संपले. घरी गेल्यावर डबा तर उघडाच, पण ज्याला कधी काळी एखादी गोळी दिली असेल, त्याची चौकशीही करा.