डोमेनची मुदत



मोहर्ली, कोलारा, नवेगाव या ताडोबाच्या प्रवेशद्वारांजवळ आज होमस्टे चालवणारी कुटुंबं आहेत. गडचिरोलीत बांबूच्या वस्तू, मोहफुलांचे पदार्थ करणारे बचतगट आहेत. यांपैकी काहींची स्वतःची वेबसाइट आहे. साइटवरचे फोटो चांगले असावेत म्हणून सगळे धडपडतात. तिचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या हाती आहे हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.

डोमेन कायमचं कधीच विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. मुदत संपल्यावर डॉट कॉमचं नाव लगेच जात नाही. नोंदणी करणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, ४५ दिवसांपर्यंत वाट पाहू शकतो. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो. त्यात जुन्या मालकाला नाव सोडवून घेता येतं, पण नेहमीच्या फीच्या कितीतरी पट पैसे मोजून. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळं होतं.

मोकळं झालेलं चांगलं नाव हातानं टाइप करून मिळत नाही. त्या क्षणी अनेक कंपन्यांचे संगणक सेकंदागणिक मागण्या पाठवत असतात. म्हणून बॅकऑर्डर करायची असते, म्हणजे आपल्या वतीनं त्या शर्यतीत उतरायला एखाद्या कंपनीला आधीच सांगून ठेवायचं. बऱ्याच कंपन्या नाव मिळालं तरच पैसे घेतात, पण अटी वाचून घ्याव्यात. एकाच कंपनीकडे दोघांनी मागणी केली असेल तर त्यांच्यात बहुधा लिलाव होतो. शिवाय पुष्कळ नावं मोकळी होतच नाहीत; मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच ती लिलावात काढतो. त्यामुळे नाव ज्या रजिस्ट्रारकडे आहे, तिथली लिलावाची पद्धत आधी पाहावी. बॅकऑर्डर म्हणजे हमी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

नाव गेलं तर नुकसान साइटपुरतं राहत नाही. त्या नावावर चालणारे ईमेलही नव्या मालकाकडे जाऊ शकतात. पर्यटकाची चौकशी, बँकेचा निरोप, पासवर्ड बदलण्याची लिंक, सगळं परक्याच्या हाती पडतं. जुना फलक आणि जुनं पत्रक वाचून येणारा माणूसही तिकडेच पोहोचतो. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते, कारण इथे फसतो तो आपल्यावर विश्वास टाकणारा माणूस.

मोठ्यांच्याही हातून हे सुटतं. १९९९ च्या नाताळात पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर मायक्रोसॉफ्टकडून भरायचे राहिले आणि त्या नावावरून लॉगिन होणारी हॉटमेल ही ईमेल सेवा अडली. मायकल चेनी नावाच्या प्रोग्रामरनं ते स्वतःच्या खिशातून भरले. असा भला माणूस दर वेळी भेटेलच असं नाही.

ताडोबाच्या सफारीचं आरक्षण पूर्वी डॉट ऑर्ग पत्त्यावर होत असे. २०२३ पासून ते वन विभागाच्या महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन या पत्त्याखाली आलं. हे फार चांगलं झालं. गव्ह डॉट इन फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. ते बॅकऑर्डर करून कुणा खासगी माणसाला घेता येत नाही.

दुसऱ्याच्या नावलौकिकावर डोळा ठेवून बॅकऑर्डर करणारेही असतात. त्यांना कायदा मोकळं सोडत नाही. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं रेडिफच्या बाजूनं निकाल देत रॅडिफ हे मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, हे न्यायालयानं तेव्हाच मान्य केलं. डॉट इनचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेकडेही अशा वादात तक्रार करता येते. पण वकील, खर्च आणि हेलपाटे एखाद्या बचतगटाला परवडणारे नाहीत.

म्हणून विनंती आहे. डोमेनची नोंद साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको, संस्थेच्या किंवा कुटुंबाच्या नावावर करा. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी रजिस्ट्रारला सूचना पाठवावीच लागते. ती सूचना ज्या ईमेलवर येते तो रोज उघडला जातो ना, हे याच आठवड्यात तपासा, आणि जमत असेल तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका.