सागवानाची पेटी आणि मागची फळी

माझ्या शेजारी ही जी पेटी दिसते आहे, ती सागवानाची आहे. इंचभर जाड फळ्या, कोपऱ्यांना बोटांत बोटं गुंतवावीत तसा जोड, वरून हाताने केलेलं पॉलिश. आत बारा इंची एकच स्पीकर. वजन १६ किलो. नऊ वर्षांपूर्वी बेंगळुरूत मी ही एका गिटारवाल्याला २८,००० रुपयांना विकली, आणि विकताना त्याला एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जी मला स्वतःलाच ठाऊक नव्हती. म्हणालो, "सागवान आहे, टोन वॉर्म येणार."

मी बेळगावचा. वडील सुतार, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लहानपणी त्यांच्याबरोबर मिरजेला जायचो तेव्हा तंबोऱ्यांची कारखानदारी पाहिली होती. भोपळा कसा निवडतात, वरची तबली किती पातळ करतात, हे तासन्‌तास बघत बसायचो. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं होतं की लाकूड चांगलं तर आवाज चांगला. पण तंबोऱ्यात तार घोडीला हलवते, घोडी तबलीला हलवते आणि तबली हवेला हलवते. लाकूडच गातं तिथं. गिटारच्या कॅबिनेटमध्ये हवा हलवायचं काम मुख्यतः स्पीकरचा कागदी कोन करतो. लाकडाकडे दुसरी कामं असतात, ती मला पुढे कळली. तेव्हा मी मिरजेचं गणित उचलून बेंगळुरूत लावलं.

तो गिटारवाला शिलाँगचा. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी वाजवणं. पंधरा दिवसांनी पेटी घेऊन परत आला. फार शांतपणे म्हणाला, "एकच सूर ओरडतो, बाकीचे डब्यात बसल्यासारखे वाटतात." कुठला सूर? चौथी तार मोकळी सोडली की येतो तो डी. मी पेटी माझ्या दुकानातल्या ॲम्पला जोडली, वाजवून पाहिली, मला काही विशेष वाटलं नाही. मी त्याला सांगितलं की दोष तुझ्या ॲम्पचा आहे. तो गेला. सहा आठवडे मी त्याचा फोन टाळला. हे सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

मग दसऱ्याला अण्णा आले. त्यांना गिटारमधलं काही कळत नाही. पेटी पुढून बघितली, मागून बघितली, बोटाच्या पेराने ठोकली आणि विचारलं, "आत जागा किती ठेवलीयस रे?" मी म्हटलं, एकोणतीस-तीस लिटर असेल. लाकूड महाग, म्हणून लहान केली. त्यांनी माझ्याच टेबलाकडे बोट दाखवलं. त्याला एकाखाली एक असे तीन ड्रॉवर, त्यांनीच केलेले, अगदी घट्ट बसणारे. म्हणाले, "वरचा जोरात ढकल." ढकलला. खालचा आपोआप दोन बोटं बाहेर आला. "हवा जाणार कुठं? तुझा तो कागद आत गेला की त्याला पण हवा ढकलणारच की."

बंद कॅबिनेटचं सगळं शास्त्र त्या ड्रॉवरमध्ये आहे. स्पीकरच्या कोनाला कडेने लवचीक घडी असते, मागे जाळीदार आधार असतो. ही त्याची स्वतःची स्प्रिंग. या स्प्रिंगवर तो एका ठरावीक कंपनसंख्येला सगळ्यात सहज हलतो. गिटारच्या बऱ्याच बारा इंची स्पीकरांत ती ७५ हर्ट्झच्या आसपास असते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिच्या किंचित खाली. आता मागे बंद हवा ठेवली की दुसरी स्प्रिंग जोडली जाते. पेटी जितकी लहान, तितकी ती ताठ. हवेची स्प्रिंग स्पीकरच्या स्प्रिंगइतकीच ताठ झाली तर ७५ चे १०६ होतात. पेटी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी केली तर थेट १५०. मी नंतर मोजलं तेव्हा माझ्या पेटीत तो आकडा १४० च्या वर निघाला. आणि चौथ्या तारेचा डी किती? १४७. लाकूड सागाचं असो की शिसवाचं, तो डी ओरडणारच होता.

मग माझ्या दुकानात तो का ओरडला नाही? कारण माझा ॲम्प ट्रान्झिस्टरचा होता, त्याचा व्हॉल्व्हचा. स्पीकर ज्या सुराला सहज हलतो तिथे त्याचा विद्युत अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, एकदम वाढतो. माझ्या ॲम्पने कोनाला लगाम घातला होता. व्हॉल्व्ह ॲम्पची पकड सैल असते आणि जिथे अडथळा वाढतो तिथे व्होल्टेजही वाढतं. त्याच्या ॲम्पने डोंगरावर आणखी एक डोंगर रचला. म्हणजे तो खरं सांगत होता. मी त्याच्या कानांना खोटं ठरवलं होतं.

त्याच रात्री फोन केला, दुसऱ्या दिवशी पैसे परत दिले, पेटी ठेवून घेतली. आणि मग हट्टाला पेटलो. आतलं माप एकच ठेवून तीन पेट्या घेतल्या. ही सागवानाची, एक १८ मिलिमीटर बर्च प्लायची आणि एक पाइनची. पाइन कुठलं, तर बाहेरून यंत्रं येतात त्या खोक्यांचं. आपल्याकडे हे लाकूड भंगारवाल्याकडेही मिळतं. तिन्हींना आतून आधाराच्या पट्ट्या, तिन्हींची पाठ बंद, स्पीकर तोच. पुढे काळं कापड सोडलं. मित्र वाजवायचा, मी ओळखायचो. मला साग आणि पाइन वेगळे सांगता येईनात. एकदा तर पाइनच्या पेटीला मी "हा बघ साग" म्हणालो. मित्र अजून चिडवतो. मग मागची फळी काढली. तेव्हा माझ्या बायकोनेही स्वयंपाकघरातून ओळखलं की काहीतरी बदललं.

पाठ उघडी असली की कोनाच्या मागचा आवाजही बाहेर पडतो, पण उलटा. कोन पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात, त्या पेटीच्या कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून उघड्या पेटीत तळाचा धक्का कमी. वरचे सूर मात्र मागच्या भिंतीवर आपटून खोलीभर पसरतात, आवाज मोकळा वाटतो. लिओ फेंडरचे १९५० च्या दशकातले ट्वीड कापडाचे ॲम्प असेच, उघड्या पाठीचे. अस्सल पाइन, आणि पुढची फळी, जिला बॅफल म्हणतात, ती पातळ प्लायची, फक्त वर आणि खाली अडकवलेली. वाजवताना ती फळी थोडी स्वतःही थरथरते. इथे लाकडाला थोडं गायला मिळतं, हे मान्य करतो. बॅफल ९ मिलिमीटरचा केला तेव्हा मलाही फरक कळला. जाडी दीडपट केली की फळीचा ताठपणा सव्वातीन पटींहून जास्त वाढतो, त्यामुळे लाकडाच्या जातीआधी जाडी विचारावी.

याच्या उलट टोकाला १९६० च्या दशकातलं लंडनचं मार्शलचं चार-बारा. बर्च प्लाय, पाठ घट्ट बंद, बॅफल आणि पाठीच्या मध्ये एक लाकडी खांब. चार स्पीकरांच्या मानाने ते खोकं काही मोठं नाही, म्हणजे हवेची स्प्रिंग तिथेही ताठच. पण तोच छातीवर बसणारा दणका रॉकवाल्यांना हवा होता. पीट टाउनशेंडने तर आठ स्पीकरांचं एकच खोकं करून घेतलं. ते उचलणाऱ्यांनी हात टेकले, म्हणून चार-चारची दोन एकावर एक आली. तेव्हा लहान बंद पेटी वाईट, असं मी म्हणत नाही. कुठला सूर फुगणार हे आधी माहीत हवं आणि तो घेणाऱ्याला सांगायला हवा.

आपल्या हवेबद्दल एक सांगतो. पार्टिकल बोर्ड घेऊ नका. किनारपट्टीवर दोन पावसाळ्यांत कडा फुगतात, स्क्रू धरत नाही, मग सगळं खडखडतं. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय जड असतो, पण टिकतो. मागची फळी मधोमध ठोकून बघा. ढोलासारखी वाजली तर आतून एक आडवी पट्टी मारा. खर्च शंभर रुपये, फरक हजारांचा.

आणि पेटी तिरकी ठेवा. बारा इंची कोन वरचे सूर टॉर्चसारखे सरळ फेकतो. आपण उभे, पेटी गुडघ्याशी. आपल्याला आवाज मंद वाटतो म्हणून ट्रेबल वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान कापले जातात. माझ्याकडे "टोन बिघडलाय" म्हणून आलेल्या कितीतरी पेट्या मी नुसत्या मागे कलवून परत पाठवल्या आहेत. त्याचे पैसे घ्यावेत की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

शिलाँगवाला नंतर ती पाइनची पेटी घेऊन गेला, उघड्या पाठीची. त्याच्याकडे आजही तीच आहे. ही सागवानाची माझ्याकडेच राहिली. तर आता ॲम्प सुरू करतो. व्हॉल्व्हचा आहे, तापायला अर्धा मिनिट द्या. आधी बंद पेटीत चौथी तार वाजवतो, मोकळी, डी. मग मागचे आठ स्क्रू काढून तीच तार पुन्हा. तोवर माझ्या अगदी समोर बसलेल्यांनी थोडं बाजूला सरकून घ्या.