आपल्याच रक्ताची सुई आणि गळणारे केस



टक्कल ही काही आजची गोष्ट नव्हे. ते पूर्वीही पडत होते. पण पूर्वी डोक्यावर टोपी असे, पागोटे असे, फेटा असे. त्याखाली काय आहे याची चौकशी सोयरिकीच्या वेळीसुद्धा फारशी कोणी करीत नसे. आता फेटा लग्नापुरता उरला आणि फोटो मात्र रोजचा झाला. त्यामुळे पंचविशीतल्या मुलाचे कपाळ दोन बोटे मागे सरकले की घरात कुजबुज सुरू होते. त्याच सुमारास तालुक्याच्या गावी एखादी पाटी दिसते, नाहीतर मोबाईलवर जाहिरात येते: ‘शस्त्रक्रिया नको, आपल्याच रक्ताने केस उगवा!’ एका बैठकीचे काही हजार रुपये, आणि अशा तीन-चार बैठका. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मग तिकडे वळतात.

ही रक्ताची सुई म्हणजे आहे तरी काय, तिचे प्रकार कोणते आणि तिचा उपयोग कोणाला होतो, याचा आज आपण विचार करू. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविणारा माणूस. औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. डॉक्टरकडे जाताना कोणते प्रश्न बरोबर न्यावे, एवढेच सांगणार आहे.

प्रथम केसांचा हिशेब समजून घेऊ. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने त्याचे मूळ विश्रांती घेते, केस गळून पडतो आणि त्याच मुळातून नवा येतो. या रहाटगाडग्यात रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा रोग नव्हे. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

याहून अधिक गळू लागले, तर मात्र पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, हे गळणे कोणत्या जातीचे? कारण सगळे गळणे एक नव्हे.

टायफॉईडसारखा मोठा ताप येऊन गेला, बाळंतपण झाले, की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने येऊ लागतात. शरीराला धक्का बसला म्हणजे पुष्कळ मुळे एकदम विश्रांतीला जातात, त्याचा हा परिणाम. मुळे जिवंत असतात. सहा महिन्यांच्या आसपास बहुतेकांचे केस आपोआप परत येतात. रक्तात लोह कमी असले, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम बिघडले, तरी केस गळतात. तिथे उपाय त्या त्या कारणावर करावा लागतो.

दुसरी जात चाईची. रुपयाएवढा गुळगुळीत ठिपका पडतो. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून हे होते. तिसरी जात डोक्यातल्या गजकर्णाची. तिथे कातडीवर खवले दिसतात, खाज असते, केस तुटलेले असतात. शिक्षक बंधुभगिनींनी हा फरक ध्यानात ठेवावा. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. गजकर्ण फणी-टोपीतून लागते आणि पोटातून घ्यावयाच्या औषधाने बरे होते. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठिपका दिसला, तर त्याला वेगळे बसवून सगळ्या वर्गाच्या तोंडी देऊ नये. आईबापांना बोलावून डॉक्टरकडे पाठवावे.

चौथी जात आनुवंशिक टकलाची, आणि जाहिराती बहुतेक हिच्याच असतात. पुरुषी संप्रेरकाच्या परिणामाने काही मुळे हळूहळू बारीक होत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस, बारकाच्या जागी लव, आणि शेवटी काहीच नाही. स्त्रियांतही हे होते. तिथे भांग रुंद होत जातो.

कारण आधी शोधावे, याचा मोठा दाखला आपल्याच राज्यात घडला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत लोकांचे केस अचानक, काही दिवसांतच गळू लागले. लोक घाबरून गेले. तपासाला पथके आली. पुढे विंचूदंशावरील कामासाठी ख्याती पावलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे मांडले की, तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार होते. पुष्कळांचे केस नंतर परत येऊ लागले. अशा वेळी एखाद्याने रक्ताची सुई घेतली असती, तर श्रेय कोणाला मिळाले असते? सुईला! आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि आपण म्हणतो, कावळ्याने फांदी मोडली. तापानंतरच्या केसगळतीवर सुई घेणाऱ्याचेही असेच होते. केस यायचेच असतात. मधल्या काळात पैसे जातात.

आता ही सुई. डेंग्यूच्या तापात ‘प्लेटलेट उतरल्या’ असे आपण ऐकतो, त्याच या प्लेटलेट. जखम झाली की रक्त गोठविण्याचे काम त्या करतात, आणि त्यांच्या पोटात जखम भरून काढण्यास चालना देणारी द्रव्ये असतात. ती द्रव्ये एकवटून केसांच्या मुळाशी दिली, तर मुळे जोर धरतील, अशी यामागची कल्पना. १९९० नंतरच्या दशकात जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाड लवकर भरावे म्हणून दंतशल्यचिकित्सकांनी या पद्धतीला चालना दिली. केसांकडे ती पुढे वळली.

कृती सोपी आहे. दंडातून रक्त काढायचे, नळीत घालून यंत्रात गरगर फिरवायचे. दूध संकलन केंद्रावर फॅट तपासताना नळ्या फिरवतात, त्यातलाच प्रकार. तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर पाणी वर राहते. त्यातला प्लेटलेटांनी भरलेला भाग घेऊन बारीक सुईने डोक्याच्या कातडीत टोचायचा.

याचे तीन प्रकार आपल्या कानावर येतात. पहिला पी. आर. पी. यात रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध घातलेले असते, आणि प्लेटलेट नेहमीच्या तीन ते पाच पट एकवटतात. दुसरा पी. आर. एफ. याची सुरुवात २००१ साली फ्रान्समधील डॉ. जोसेफ शूक्रून यांनी केली. यात गोठणे थांबविणारे औषध नसते. रक्त बेताने फिरवतात. ते थोड्याच मिनिटांत टोचावे लागते, नाहीतर विरजण लागल्यासारखे घट्ट होते. टोचल्यावर त्याची जाळी बनते आणि तीतून द्रव्ये हळूहळू सुटतात. तिसरा जी. एफ. सी. यात प्लेटलेटांना नळीतच आपली द्रव्ये सोडायला लावतात आणि तो अर्कच टोचतात. पेशी जवळजवळ नसतात.

यांत श्रेष्ठ कोणता? पाटीवर नाव जितके नवे, तितका दर चढा, हे खरे. पण गुण त्या मानाने चढतो असे सिद्ध झालेले नाही. सर्वांत जास्त परीक्षा झाली ती पी. आर. पी.ची. बाकीच्या दोघांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. पी. आर. पी.तसुद्धा सगळीकडे एक माप नाही. यंत्र बदलले की प्लेटलेटांची संख्या बदलते.

परीक्षा कशी करतात तेही ऐका, कारण ती रीत शिकण्यासारखी आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसे, त्यांच्या अर्ध्या डोक्यावर पी. आर. पी. आणि अर्ध्यावर नुसते मिठाचे पाणी. महिन्याच्या अंतराने तीन बैठका. माणूस तोच, खाणेपिणे तेच, वय तेच. शेतकरी एकाच वावरात चार ओळींना खत घालतो आणि चार मोकळ्या ठेवतो, तसेच हे. तीन महिन्यांनी मोजणीच्या जागेत सरासरी ३३ केस वाढलेले आढळले. पाण्याच्या बाजूला वाढ नव्हती. पण वर्षभराने त्यांतल्या काहींचे केस पुन्हा गळू लागले. उलट २०१६ साली अमेरिकेतील २६ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. तिथे सुई एकदाच दिली होती, आणि खरी व खोटी सुई यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

यातून निघते ते असे. आनुवंशिक टक्कल नुकते सुरू झाले असेल, मुळे बारीक पण जिवंत असतील, तर पी. आर. पी.ने काहींना बेताचा फायदा होतो. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि तो टिकवायला सुया पुढेही घ्याव्या लागतात. जिथे टाळू आरशासारखी चकचकीत झाली, तिथे उगवायला मूळच नाही. बी नसलेल्या वावरात खत घालून काय होणार?

हेही जाणून घ्यावे की, लावण्याच्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेत १९८८ साली आणि पुरुषांच्या फिनॅस्टेराईड गोळीला १९९७ साली या कामासाठी रीतसर मंजुरी मिळाली. रक्ताच्या सुईला केसांसाठी तशी मंजुरी तिथे नाही. त्या औषधांचेही दोष आहेत, तीही चालू ठेवावी लागतात, आणि ती गोळी गर्भारपणात मुळीच चालत नाही. पण आधी त्यांची चौकशी करावी, सुईची नंतर.

‘आपलेच रक्त, त्यात धोका कसला?’ असे म्हणतात. रक्त आपले खरे. सुई, नळी आणि हात दुसऱ्याचे असतात. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात २०१८ साली एका सौंदर्यगृहात अशाच रक्ताच्या सुया चेहऱ्यावर घेतलेल्या स्त्रियांना एच. आय. व्ही.ची लागण झाल्याचे उघडकीस आले. परवाना नव्हता, एकदाच वापरावयाची साधने पुन्हा वापरली जात होती, रक्ताच्या नळ्यांवर नावे नव्हती. नीट हातांनी काम झाले, तर दुखणे, सूज, दिवसभर डोके जड होणे एवढ्यावर भागते. मात्र ज्यांच्या प्लेटलेट कमी आहेत, रक्त पातळ होण्याची औषधे चालू आहेत, किंवा डोक्यात जंतुसंसर्ग आहे, त्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे.

म्हणून जाताना पाच प्रश्न बरोबर न्यावे. माझे गळणे कोणत्या जातीचे, आणि ते कशावरून ठरविले? सुई देणारा त्वचारोगाचा शिकलेला डॉक्टर आहे काय? नळी व सुई माझ्यासमोर फोडणार काय, आणि नळीवर माझे नाव लिहिणार काय? एकूण बैठका किती, आणि पुढच्या वर्षी किती? सहा महिन्यांनी गुण आला की नाही हे कसे मोजणार? पहिल्या दिवशी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवावा. या प्रश्नांनी जो रागावेल, त्याच्याकडून उठून यावे. खरा डॉक्टर रागावत नाही.

आणि एक शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना. मुलाचे कपाळ मागे सरकले म्हणून त्याच्या अंगचे काहीच कमी झालेले नसते. उपचार करायचा तर त्याने आपल्या खुशीने, समजून करावा. सोयरिकीच्या धाकाने कर्ज काढून सुया टोचून घेण्याची वेळ मात्र त्याच्यावर आणू नये. केस उगवायला तीन ते सहा महिने लागतात. कर्ज दुसऱ्या दिवसापासून वाढते.