‘तो मुळातच तसला’



घरात कुणी पिऊ लागलं की नातेवाइकांचा निकाल तयारच असतो: ‘तो मुळातच तसला.’ मानसोपचारतज्ज्ञ मात्र ‘व्यसनी व्यक्तिमत्त्व’ असं निदान कुणाच्या कागदावर लिहीत नाहीत. उतावळा स्वभाव, बेचैनी सोसण्याची सवय नसणं, घराण्यात आधीपासून असलेली दारू यांनी धोका वाढतो, हे खरं. पण धोका असणं वेगळं आणि कपाळी लिहिलेलं असणं वेगळं.

नाटककार गडकऱ्यांचा सुधाकर आठवा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तला हा वकील हुशार आणि कमालीचा मानी. अपमान झाला, सनद गेली, आणि डोकं शांत व्हावं म्हणून दारुड्या तळीरामानं पेला पुढे केला. एरवी ज्याचं कौतुक व्हावं, तो मानीपणाच त्याला नडला.

उलट बाजूही पाहा. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचातला एक जण तिथे अफू-हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९७१ साली परतलेल्यांचा मागोवा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी घेतला. त्या व्यसनाधीनांपैकी फार थोडे जण मायदेशी वर्षभरात पुन्हा त्यात अडकले. रणांगण सुटलं, सोबती सुटले, माल सहज मिळेना. माणसं तीच होती. मग मूळ स्वभाव कुठे गेला?

तरीही व्यसन लागलं की माणूस बदलतो, आणि तो बदल बघण्यासारखा असतो. तंबाखूवाल्याकडे नीट पाहा. साहेब रागावले, एसटी चुकली, मुलगी पास झाली. काहीही होवो, हात चंचीकडे जातो. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं मळणं, वरून दोन चापट्या, की गोळी ओठाखाली. राग, कंटाळा, आनंद, साऱ्यांवर एकच उतारा. दुसरे उपाय वापरात नसले की विसरायला होतात.

दारूत याच्या जोडीला खोटं बोलणं येतं. पगार अजून झाला नाही, मित्राला उसने दिले, पाकीट मारलं. पुढेपुढे सांगणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. मग घरही त्यात ओढलं जातं. ऑफिसात फोन करून ‘ह्यांना ताप आलाय’ हे बायकोच सांगते. जिन्यावरच्या पावलांवरून आज किती झाली आहे, हे सात वर्षांच्या पोराला कळतं. तो त्याप्रमाणे अभ्यासाला बसतो किंवा झोपेचं सोंग घेतो. प्यायचा एक जण, पण स्वभाव चौघांचे बदलतात. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबीयांशीही बोललं जातं, ते म्हणूनच. माझ्या मते उपचाराचा तो अर्धा भाग आहे, आणि आपण नेमका तोच टाळतो.

आणखी एक. दारू सुटलेला माणूस काही महिन्यांनी मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळू लागतो. घरचे म्हणतात, ‘खेळू दे, निदान पीत तरी नाही!’ जुगारालाही आता वैद्यकशास्त्र व्यसनांतच धरतं. अशा वेळी ‘आता तो बरा झालाय’ म्हणून समुपदेशकाकडच्या फेऱ्या बंद करू नका. उलट ही नवी गोष्ट त्यांच्या कानावर घाला, आणि ती त्याच्यासमोरच घाला.