रोग सैनिकाचा, तपासणी बाईची



बंगळूर शहरात ब्रिगेड रोड, इन्फंट्री रोड, आर्टिलरी रोड ही नावे आजही कानी पडतात. 1809 साली इंग्रजांनी तेथे वसविलेल्या लष्करी छावणीची ती खूण होय. 1881 साली म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याकडे परत करतानाही त्यांनी ही छावणी सोडली नाही. तिच्या कडेने, आज ज्याला शिवाजीनगर म्हणतात त्या ब्लॅकपल्लीत, सैन्याला लागणारी सारी सेवा राबत होती : धोबी, भिस्ती, गवतवाले, स्वयंपाकी. आणि स्त्रियाही.

या अखेरच्या ‘सेवे’ची व्यवस्था सरकारने नशिबावर सोडली नव्हती. गोऱ्या शिपायांपैकी मोजक्यांनाच लग्नाची परवानगी मिळे, कारण बायकामुलांचा खर्च सरकारला नको होता. आयर्लंडमधील भूमिहीन आणि इंग्लंडच्या गिरणी-शहरांतील बेकार तरुण स्वस्तात भरती करायचे, त्यांना संसार नाकारायचा, आणि मग रोगाचे खापर वसाहतीतील गरीब बाईवर फोडायचे, असा हा हिशेब होता. 1864 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने आणि 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने त्याला कायदेशीर रूप दिले. बाईचे नाव नोंदवायचे, तिला तिकीट द्यायचे, ठरल्या दिवशी तिच्या शरीराची तपासणी करायची. रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबायचे. नाव रुग्णालयाचे, पण डॉक्टरने बरी ठरविल्याखेरीज बाहेर पडण्याची मुभा नाही. बंगळूरच्या छावणीतही असे लॉक हॉस्पिटल होते.

शिपायांची सक्तीची तपासणी मात्र इंग्लंडमध्ये 1859 सालीच बंद झाली होती. तिने त्यांचा स्वाभिमान दुखावतो, असे कारण देण्यात आले !

या तपासणीला शास्त्राचा आधार तरी होता काय ? परम्याचा जंतू सापडला 1879 साली, उपदंशाचा 1905 साली, रक्ताची वासरमन चाचणी आली 1906 साली आणि साल्व्हरसान हे परिणामकारक औषध 1910 साली. म्हणजे 1868 साली डॉक्टरच्या हाती नुसती नजर आणि पारा, जो स्वतःच विषारी. साध्या स्रावाला रोग ठरविले जाई आणि खरा उपदंश नजरेतून निसटे. रोग हटला नाही, हे सरकारी आकडेच सांगतात : 1895 साली भारतातील दर हजार गोऱ्या शिपायांमागे गुप्तरोगासाठी पाचशेहून अधिक वेळा रुग्णालयात भरती झाली. ‘कायदे सैल केल्याने असे झाले,’ असे लष्कराचे म्हणणे. एका बाजूला मोकळे सोडून दुसरीला कोंडल्याने संसर्ग कसा थांबणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

1876 ते 1878 च्या दुष्काळात म्हैसूर राज्यातील लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा नष्ट झाला. अशा मुलखात बाई ‘स्वेच्छेने’ या धंद्यात आली असे लिहिणाऱ्या कारकुनाला भूक या शब्दाचा अर्थ ठाऊक नसावा.

विरोध झाला नाही असे नाही. 1869 साली कलकत्त्यात सुखीमनी राऊर या बाईने तपासणीस नकार दिल्याबद्दल झालेल्या शिक्षेविरुद्ध थेट हायकोर्टात दाद मागितली. मुंबईत 1870 साली लागू झालेला कायदा नगरपालिकेने पैसा नाकारल्याने 1872 मध्ये थांबला. 1880 मध्ये तो पुन्हा लादण्यात आला. इंग्लंडमध्ये जोसेफाइन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ लढा देऊन 1886 साली तिथला कायदा रद्द करविला. त्याच वर्षी सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या लष्करी कचेरीतून भारतातील छावण्यांना परिपत्रक गेले : बाजारातील स्त्रिया पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक असाव्यात. ते लंडनला उघड होताच गदारोळ उडाला, आणि जून 1888 मध्ये पार्लमेंटने निषेधाचा ठराव केला. भारतातील कायदा गेला, पण 1889 च्या नव्या कॅन्टोन्मेंट कायद्याने त्यातील बरेच अधिकार मागल्या दाराने परत आणले. 1895 मध्ये ते काढून घ्यावे लागले, 1897 मध्ये पुन्हा वेगळ्या शब्दांत दिले गेले.

स्वतंत्र भारताने 1956 साली अनैतिक व्यापारविरोधी कायदा केला. त्यात 1986 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 15 (5 अ) नुसार, छाप्यात बाहेर काढून हजर केलेल्या व्यक्तीची वय, अत्याचाराच्या जखमा आणि गुप्तरोग यांसाठी वैद्यकीय तपासणी होते. गिऱ्हाइकाच्या तपासणीबद्दल त्या कलमात एक शब्दही नाही.