‘हबशी’ म्हणजे काय, अम्मी?



तुमच्यापैकी काहींची लग्नं नुकतीच झालीत, काहींच्या घरी लहान मुलं आहेत. म्हणून आज माझीच एक चूक सांगते.

माझी लेक चार वर्षांची होती. एका लग्नातून घरी आल्यावर तिनं विचारलं, ‘अम्मी, मैं काली हूँ क्या?’ एका खालानं तिला लाडानं ‘हमारी हबशन’ म्हटलं होतं. मी तिला पटकन जवळ घेतलं आणि म्हणाले, ‘नाही गं बाळा, तू तर गोरी आहेस.’

ती खूश झाली. चार दिवसांनी गल्लीतल्या एका मुलाला ती सांगत होती, ‘तू हबशी है, मैं गोरी हूँ.’

हे तिला खालानं शिकवलं नव्हतं, मी शिकवलं होतं. मी खोटं बोलले, तेही काळं असणं हा आरोप असल्यासारखं.

आपण म्हणतो, इस्लाममध्ये रंगभेद नाही. हजरत बिलाल यांचं नाव मुलांना पाठ असतं. आणि त्याच घरात भावासाठी स्थळ बघताना ‘लड़की साफ रंग की चाहिए’ हेही मुलं ऐकतात. हजरत अबू जर यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितलं की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. हदीस बुखारीत आहे. एका सहाबींना हे ऐकावं लागलं, तर आपण कोण?

मग मी लेकीला पुन्हा बसवलं. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं. तू सावळी आहेस, तुझ्या नानांसारखी. कातडीत रंग देणारा एक पदार्थ असतो, कुणात जास्त, कुणात कमी. चार वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. रस्त्यात मूल मोठ्यानं ‘तो काका किती काळा!’ म्हणालं, तरी त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. ‘हो, काळे आहेत’ म्हणा आणि पुढे बोला. गप्प केलं की त्याला वाटतं, यात काहीतरी लाजिरवाणं आहे.

राहिला ‘हबशी’ शब्द. हबश म्हणजे आजचा इथिओपिया. आम्ही औरंगाबादचे. हे शहर १६१० मध्ये खडकी नावानं वसवलं ते मलिक अंबरनं, आणि तो हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, जहांगीरच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दमवलं, शहरासाठी नहर बांधली. लेकीला मी खुलताबादला त्याच्या मकबऱ्यावर घेऊन गेले. लढाया मी रंगवून सांगितल्या. तिनं विचारलं एकच, ‘उसको बेचा तब उसकी अम्मी रोयी क्या?’

‘रोयी होगी,’ म्हटलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही.

खालांनाही मी सांगितलं, तिला हबशन म्हणू नका. ‘लाड भी नहीं करना क्या?’ म्हणाल्या. दोन ईद आमच्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या ईदला आल्या, लेकीला नावानं हाक मारली.